चोवीस तासांची बाई आणि माझे थोरले साडू

अख्ख्या जर्मनीत कामाचे तास खऱ्या अर्थानं कोणाला समजले असतील तर ते माझ्या थोरल्या साडूंना, आणि त्यांना ते समजल्यापासून आमच्या सासरच्या गोतावळ्यात एकालाही धड काम करता आलेलं नाही. धड बसताही आलेलं नाही, कारण साडूंच्या मते बसण्याचे दोन प्रकार असतात. एक आपलं आपण बसणं आणि दुसरं कोणाची तरी हाक येईल म्हणून बसणं. पहिल्याला ते बसणं म्हणतात, दुसऱ्याला काम म्हणतात, आणि काम म्हटलं की त्यांच्या शर्टाच्या खिशातून चौकड्यांची एक छोटी वही बाहेर येते. त्या वहीत मी आहे, माझी बायको आहे, आमच्या लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला केक घेऊन उशिरा आलेला माणूससुद्धा आहे. त्याची सदतीस मिनिटं जिन्यात गेली होती, कारण मी घंटी ऐकली नव्हती. साडूंनी मला ती त्याला भरून द्यायला लावली.

माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान सव्वीस वर्षांपूर्वी नागपूरहून निघाले आणि र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्स काढायला लागले. म्हणजे कागदावर काढायला. पहिली काही वर्षं ते इतर देशी इंजिनियरांसारखेच होते, रात्री आठपर्यंत थांबायचे आणि साहेबानं पाठीवर थाप मारली की घरी फोन करायचे. मग एका वर्षी कारखान्यातल्या कामगारांच्या निवडलेल्या समितीवर, त्यांच्या त्या बेट्रीब्सराटवर, कोणीतरी त्यांना उभं केलं आणि ते चुकून निवडून आले. तिथं त्यांच्या हातात कामाच्या वेळेचा कायदा पडला. त्यांच्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर निळ्या कोटातला एक फोटो आहे, तो आम्हा सगळ्यांच्याच घरी असतो. आठ तासांचा दिवस आपल्या देशात कोणामुळे आला हे आम्ही सगळे चौदा एप्रिलला भाषणात सांगतो. साडूंनी ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही मनावर घेतलं, हाच काय तो फरक. तेव्हापासून त्यांच्या साहेबाच्या वाढदिवसाला केकचा पहिला तुकडा कामाच्या वेळेत आला म्हणून ते खातात आणि दुसरा वेळ संपल्यावर आला म्हणून परत करतात.

एकदा डार्मश्टाटला जयंतीचा कार्यक्रम होता. हॉल भाड्यानं घेतलेला, अडीचशे माणसं जेवायची, पुऱ्या तळायला आम्ही आठ जण. साडू आले, त्यांनी कढईकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सहा तास झाल्याबरोबर गॅस बंद केला. "अर्धा तास पाउझ," ते म्हणाले, "कायदा आहे." बाहेर शंभर माणसं ताटं घेऊन उभी होती. आम्ही आठ जण अर्धा तास खुर्च्यांवर बसून त्या शंभर माणसांकडे पाहत राहिलो. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. रात्री साडेदहाला तळण संपलं तेव्हा साडूंनी जाहीर केलं की दोन पाळ्यांच्या मध्ये अकरा तासांची विश्रांती लागते, म्हणून तळणाऱ्यांपैकी कोणीही सकाळी साडेनऊच्या आधी हॉल झाडायला यायचं नाही. हॉल नऊला परत द्यायचा होता. डिपॉझिट गेलं. पुढच्या समितीच्या बैठकीत त्यांच्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि बैठक किती वेळ चालली ते लिहून घेतलं.

घरीही तेच. त्यांची मुलगी तिथंच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. रात्री आठनंतर आईनं पाण्याचा ग्लास मागितला तर ती सोफ्यावरूनच म्हणते, "फायरआबेंड, मामा!" म्हणजे आई, काम संपलं, आता उद्या. ताई बिचाऱ्या स्वतः उठतात, तेव्हा साडू त्यांच्याही आधी उठतात, पाणी आणतात, आणि मुलीकडे अभिमानानं पाहतात. त्यांच्या घरी भांडी नेहमी तेच घासतात. ताईंचे तास संध्याकाळी सातला भरतात असा त्यांचा हिशेब आहे आणि तो ताईंना अजून कोणी समजावून सांगितलेला नाही.

हे सगळं मी इतकी वर्षं हसत हसत सांगत आलो, कारण मला त्याचा फायदाच होता. मी डार्मश्टाटला असतो. म्युनिकला जाताना ट्रेनमध्ये मी लॅपटॉप उघडला होता या एका मुद्द्यावर साडूंनी मला माझ्या कंपनीकडून दोन तास चाळीस मिनिटं मिळवून दिली होती. त्यातला एक तास मी झोपलो होतो. "लॅपटॉप उघडा होता ना?" साडू म्हणाले. "उघडा होता." "गेनाऊ! अगदी बरोबर!" आणि त्यांनी अर्ज भरला.

मग नागपूरला आमच्या सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चालणं काठीवर आलं. सासरे आधीच गेलेले, दोन्ही मुली जर्मनीत. दोघी बहिणींनी तीन-तीन आठवडे रजा काढून पाहिलं, आणि त्या संपल्यावर मी नागपूरच्या एका ब्युरोला फोन लावला. तिथून मंदाताई आल्या. पंचेचाळिशीच्या, मूळच्या उमरेडकडच्या, कामाला वाघीण, आणि सासूबाईंचं बोलणं ऐकून घेऊ शकणाऱ्या. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यामुळे हा शेवटचा गुण फार महत्त्वाचा होता. त्या रविवारी र्युसेल्सहाइमला जेवताना मी मोठ्या समाधानानं सांगितलं की आता काळजी मिटली, चोवीस तासांची बाई मिळाली.

साडूंचा घास हातातच राहिला.

"किती तासांची?"

"चोवीस."

"आणि झोपते कधी?"

"आई झोपल्या की."

"आई रात्री किती वेळा उठवतात?"

"चार-पाच वेळा. बाथरूमला, पाणी द्यायला, कूस वळवायला."

"आल्झो, असं तर," साडू म्हणाले आणि ताट बाजूला सरकवलं, "ती झोप नव्हे साडूभाऊ. ती बेराइटशाफ्ट. हाक येईल म्हणून तयार राहायचं. इथल्या कोर्टानंसुद्धा म्हटलंय, म्हाताऱ्या माणसाच्या घरी राहणाऱ्या बाईची ती वेळ म्हणजे कामाचीच वेळ. आणि आठवड्याची सुट्टी?"

सुट्टीचं मी विचारलंच नव्हतं. नागपूरला चोवीस तासांची बाई, बारा तासांची बाई, असे प्रकार असतात, भाजी निवडावी तशी आपण बाई निवडतो, आणि चोवीसमधून किती वजा करायचे हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. मी म्हणालो, "अहो, ती घरच्यासारखीच आहे."

"घरच्यासारखी म्हणजे कोणासारखी?" साडू म्हणाले. "तुमच्यासारखी? तुम्ही तर गेल्या पाच वर्षांत तिथं एकूण सव्वीस दिवस होतात."

माझी बायको मान खाली घालून वरणात भात कालवत राहिली. सव्वीस दिवस हा आकडा त्यांच्या वहीत होता.

दुसऱ्या रविवारपासून साडूंनी मंदाताईंचा तक्ता सुरू केला. सकाळी दहाच्या ठोक्याला व्हिडिओ कॉल. पहिल्या दिवशी मंदाताई कॅमेऱ्यासमोर उभ्याच राहिल्या, पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक. "काही चुकलं का जी माझं?" साडूंनी त्यांना बसायला लावलं आणि सांगितलं की चूक आमची झाली आहे, तुम्ही फक्त काल किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत काय केलं ते सांगा. मंदाताईंनी स्वयंपाक सांगितला, आंघोळ सांगितली, पायाची मालिश सांगितली, आणि थांबल्या. दुपारी काय केलं? "दुपारी काई नाई केलं. आईसंग मालिका पाह्यली. थे काई काम नाई."

"रिमोट कोणाच्या हातात होता?"

"आईच्या."

"मग काम," साडू म्हणाले आणि दीड तास लिहिला.

अशा रीतीनं पहिल्या आठवड्याची बेरीज झाली तेव्हा ती पाहून मला घाम फुटला. आमची दोन कुटुंबं मिळून जे देत होती त्यात त्या बाईचे निम्मेसुद्धा तास बसत नव्हते. साडूंनी सुचवलं की आपण दोघांनी रक्कम दुप्पट करायची, आणि बुधवारी दिवसभर त्यांना सुट्टी द्यायची, त्या दिवशी शेजारच्या काकू येतील. मी जरा घासाघीस करून पाहिली. बाजारभावाचा मुद्दा काढला, नागपूरमध्ये एवढं कोणी देत नाही, बाकीच्या बायांचे दर चढतील, लोक आपल्याला नावं ठेवतील. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्युनिकच्या ट्रेनमध्ये बाजारभाव काय होता?" मी दुप्पट मान्य केली.

साडूंची सचोटी इतकी कडक होती की तिला ऋतूही घाबरायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागं जातात. साडूंचा कॉल नेहमीप्रमाणे त्यांच्या दहाला गेला. त्यांच्या बेरजेत आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट, मंदाताईंचे काम, विश्रांती, हाकेची वाट सगळं मिळून भरले एकशे एकोणसत्तर. साडूंनी तीनदा बेरीज केली. मग त्यांनी मला फोन करून गंभीर आवाजात सांगितलं की मंदाताईंनी कुठंतरी एक तास जास्त काम केलंय आणि संकोचानं त्या सांगत नाहीयेत. मी म्हटलं, अहो घड्याळ. ते म्हणाले, घड्याळाचं काय? शेवटी मंदाताईंनाच विचारलं. "घडी तं इथं तेच हाय साहेब. तुमचा फोनच आज घंटाभर उशिरा आला. मी वाट पाहत बसली होती."

"वाट पाहत?" साडू म्हणाले. "फोन येईल म्हणून तयार बसला होतात?"

"हव."

तो तास लिहिला गेला. मार्चमध्ये घड्याळं पुढं गेली, आठवडा एकशे सदुसष्ट तासांचा झाला, तेव्हा मी म्हणालो की आता तो तास वजा करा. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी परत हिशेबाचं नाव काढलं नाही.

इथपर्यंत ही सगळी गंमतच होती. पण या तक्त्यात एक माणूस होतं ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, ते म्हणजे सासूबाई. त्यांना हे प्रकरण पहिल्यापासून झोंबलं होतं. आयुष्यभर शाळा चालवलेली बाई, निवडणुकीच्या कामाचा भत्ता मिळाला नाही म्हणून एके काळी सगळ्या शिक्षिकांना घेऊन कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली. हक्काचं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण आता त्यांना एवढंच दिसत होतं की मंदा आपल्याशी दोन शब्द बोलते ते लिहिलं जातं. एकदा त्या मला फोनवर म्हणाल्या, "माझ्याशी गप्पा मारायचे पैसे पडतात म्हणे आता. माझं बोलणं एवढं जड झालं का हो?" मी हसण्यावारी नेलं. जावयानं सासूचं बोलणं हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे सोय आहे.

सासूबाईंनी मग आपल्या पद्धतीनं उपाय केला. साडूंच्या प्रत्येक कॉलला त्या पलीकडच्या पलंगावर कान देऊन असायच्या. रात्री चार वेळा उठवलं, म्हणजे किती धरायचे, हे सगळं त्यांनी ऐकलं होतं. जावयांचे पैसे वाचवायचे होते की मंदाची झोप, की आपला मान, हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी रात्री हाक मारणं बंद केलं. साडूंच्या तक्त्यात रात्रीचे आकडे घसरत गेले, चारावरून दोन, दोनावरून एक. साडू खूष झाले. आईंची तब्येत सुधारतेय असं त्यांनी आम्हाला आलेख काढून दाखवलं. आणि एका पहाटे सासूबाई एकट्या, काठी न घेता, बाथरूमकडे निघाल्या आणि दारातच घसरल्या.

हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं आणि कपाळाला टेंगूळ आलं. मंदाताई रडून रडून बेजार. ब्युरोवाला म्हणाला, बाई बदलून देतो, ही झोपा काढते. माझी बायको फोन हातात घेऊन र्युसेल्सहाइमला ओरडली, "भाऊजी, तुमच्या त्या तक्त्यानं आई पडली!"

संध्याकाळी मी साडूंकडे गेलो तर ते जेवणाच्या टेबलावर वही उघडी ठेवून बसले होते आणि त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं. ब्युरोला त्यांनी आधीच फोन केला होता, मंदाताईंना काढायचं नाही म्हणून. रात्रीसाठी दुसरी बाई ठेवू म्हणाले तर सासूबाईंनी साफ नकार दिला होता. एक परकी बाई पुरे झाली, त्यांचं म्हणणं. "मग त्या बाईनं झोपायचं कधी, साडूभाऊ?" साडूंनी मला विचारलं.

त्यांच्या कारखान्यात जादा तास साठवून ठेवायची सोय आहे. साडूंनी वर्षानुवर्षं मिनिटामिनिटानं ते साठवले होते. त्या साठ्यावर ते दहा महिने आधी निवृत्त होणार होते आणि कॅम्पिंगची गाडी घेऊन ताईंबरोबर नॉर्वेला जाणार होते. गाडीचं चित्र फ्रिजवर चिकटवलेलं होतं. त्यातले दहा आठवडे त्यांनी दुसऱ्या दिवशी काढले आणि नागपूरचं तिकीट घेतलं. ताई येते म्हणाल्या, पण मुलीची परीक्षा होती. "रात्रीची पाळी मी करतो," साडू म्हणाले. "मंदाताई रात्री झोपतील. बास."

आता, ज्याला सासुरवाडी म्हणजे काय हे माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. साडूंना कामाचा कायदा पाठ होता, पण आपण जावई आहोत हे ते सव्वीस वर्षांत विसरले होते. ते घरात शिरले आणि सासूबाईंनी पलंगावरून पदर डोक्यावर ओढून हुकूम सोडला, "मंदा, जावईबापू आलेत!" त्या दिवसापासून मंदाताईंच्या मागं जे काम लागलं ते पाहून साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी पोहे, दुपारी पाटोडीचा रस्सा, गरम पोळ्या एकेक करून ताटात, संध्याकाळी वडा-भात, रविवारी मटण. भांडी घासायला साडू मोरीपाशी गेले तर सासूबाई आतून म्हणाल्या, "जावयानं भांडी घासली तर गल्लीत तोंड कसं दाखवू?" त्यांना परत खुर्चीवर बसवण्यात आलं आणि पंखा लावण्यात आला. पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला फोन केला. "साडूभाऊ, मी आल्यापासून मंदाताईंचे अकरा तास वाढलेत. एकट्या माझ्यामुळे. मीच कायदा मोडतोय."

रात्रीची पाळी तर याहून थोर होती. साडू बाहेरच्या खोलीत खाट टाकून, जर्मनीहून आणलेलं बाळांच्या खोलीत ठेवतात ते आवाज ऐकायचं यंत्र उशाशी घेऊन सज्ज असायचे. सासूबाईंनी त्याचा आपल्या पलंगापाशी ठेवलेला भाग पहिल्याच रात्री बंद करून टाकला. जावयानं सासूला हात धरून बाथरूमला न्यायचं ही कल्पनाच त्यांना सोसवेना. गरज लागली की त्या अगदी हलक्या आवाजात "मंदा, मंदे" म्हणायच्या, मंदाताई उठायच्या, खाटेच्या करकरीनं साडूही उठायचे, आणि सासूबाई जाऊन येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून, हात बांधून, मदतीला उभे राहायचे. आधी रात्री दोन माणसं जागत होती, आता तीन. सासूबाई मंदाताईंना म्हणाल्या, "यांना कसं सांगू गं, की झोपा म्हणून?" आणि मंदाताई साडूंना म्हणाल्या, "साहेब, तुमी झोपा जी. तुमी उठता तं आईले लाज वाटते, अन् आई लाजते तं मले पुन्हा घंटाभर झोप नाई येत." साडूंनी हे मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मी हसलो, ते हसले नाहीत.

आठ आठवडे हे असंच चाललं. मी म्हटलं, या आता परत, झालं ते झालं. ते म्हणाले, दोन आठवडे शिल्लक आहेत.

नवव्या आठवड्यात काय झालं ते मला मंदाताईंनी सांगितलं. त्यांना ताप होता. दिवसभर तोंडातून शब्द न काढता त्यांनी सगळं केलं होतं, पण भाकरी थापताना त्या दोनदा भिंतीला टेकल्या आणि ते पलंगावरून सासूबाईंनी पाहिलं होतं. रात्री त्या झोपल्या. पुढं मंदाताईंच्याच शब्दांत: "मले कोनी उठवलंच नाई जी. डोळे उघडले तं खिडकीतून ऊन येत होतं. सात वाजले होते. म्हटलं आई गेल्या. नाईतर अशी रात्र जातेच कशी? मी धावत गेली. पाहते तं आई पलंगावर बसलेल्या, मोठे साहेब खुर्चीवर, अन् दोघंही चहा पिऊन राह्यले. चहा असा काळाकुट्ट केलता साहेबांनी. आईनं माझ्याकडं पाह्यलंच नाई, भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, झोप पुरी झाली का गं?"

त्या रात्री सासूबाईंनी तीनदा हाक मारली होती. मंदाला मारायच्या त्याहूनही हलकी, आणि मंदाच्या नावाची नव्हे. "जावईबापू, जरा हात देता का?" अडतीस वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसलेल्या आणि पंचवीस वर्षं या जावयापुढं डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या बाईनं तेवढ्यासाठी काय गिळलं असेल, याचा मी अजून विचार करतो. साडूंनी हात दिला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपण होऊन सांगितलं, "रात्रीची वेगळी बाई बघा. दोघींनाही आपापल्या घरी जाता येईल."

मला हे सांगताना बरं वाटत नाही, पण सांगतो. अकरा वर्षं मी या देशात रोज रात्री आठ तास झोपलोय. रविवारी माझ्या डोक्यावर कोणी भिंतीत खिळा ठोकला तर मी घरमालकाला चिठ्ठी लिहितो. माझ्या झोपेपायी तिकडे कोण जागतंय हे मला आकड्यात दिसत होतं, तरी मी दराची घासाघीस केली. माझे साडू हसण्यासारखे आहेत हे खरं, मी त्यांना पुष्कळ हसलोय. त्यांच्याइतकं वेडं व्हायला मला अजून जमलेलं नाही.

साडू परत आले. नॉर्वे अडीच महिन्यांनी लांबलं, फ्रिजवरचं चित्र तसंच आहे. नागपूरला आता दोघीजणी येतात, मंदाताई सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, आणि रात्री एक धिप्पाड तरुण बाई, जी सासूबाईंना अजिबात आवडत नाही, पण तिचं घोरणं ऐकून म्हणे त्यांना सोबत वाटते. कामाला लागल्यापासून चौदा महिन्यांनी मंदाताई आपल्या घरी झोपायला गेल्या. रविवारी दहाला साडूंचा कॉल होता, मी त्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसलो होतो. "मग, काय म्हणते रात्र?" साडूंनी मोठ्या उत्साहानं विचारलं. "घरी शांत झोप लागली असेल."

मंदाताई जरा ओशाळून हसल्या. "कायची झोप साहेब. चारदा उठली. एकदा तं उठून अंधारात दारापर्यंत गेली. नवरा म्हणे, कोनाले पाहते? म्हटलं, आईनं हाक मारली." मग त्यांनी पदर सारखा केला. "कोनीच नव्हती मारली जी."

कॉल संपला. साडू पेन उघडं धरून वहीसमोर बसले होते. कामाची वेळ, विश्रांतीची वेळ, हाकेसाठी थांबायची वेळ, असे तीन रकाने त्यांनी स्वतःच्या हातानं आखलेले. त्यांनी मला विचारलं, "साडूभाऊ, ही चार वेळा कुठं लिहायची?"

मी वही माझ्याकडे ओढून घेतली आणि तिन्ही रकाने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो.